मदत हवी आहे: घरच्यांसाठी शिडाची बोट, एंटरप्राइझ की जीपी १४?

नमस्कार मंडळी. आम्ही साताऱ्याचे. कण्हेर धरणात शिडाची लहान बोट चालवायची फार इच्छा आहे. घरचे चौघे, धाकटी आठ वर्षांची. लाइफ जॅकेटशिवाय कुणीही चढणार नाही, हे ठरलेलंच आहे.

जुनी फायबरची एंटरप्राइझ मिळतेय. ब्रिटिश बोटरचनाकार जॅक होल्टने १९५६ साली आखलेली, लांबी ४.०४ मीटर, निळी शिडं. आपल्याकडे तिच्या शर्यती होतात, म्हणजे पुढेमागे मुलांना क्लबात उतरवता येईल. पण बोटीच्या मानाने शिडं मोठी. वारा वाढला की दोघांनी कडेबाहेर रेलून ती तोलायची, मग मुलं बसणार कुठे? होल्टचीच १९४९ ची जीपी १४ जड आणि ऐसपैस. घरासाठी मला तीच बरी वाटते, पण इकडे मिळेल का?

पाहिलेल्या बोटीत सेंटरबोर्डच्या (बोट वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) खोक्याच्या बुडाशी केसभर चीर आहे, हाताचं बोट लावलं तर ओल लागते. हे नीट दुरुस्त होतं का? हवाबंद कप्पे कसे तपासतात? उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाला नुसता गाळ, तिथून बोटीची ट्रॉली पाण्यापर्यंत कशी नेता? आणि परवानगीसाठी जलसंपदा विभागाकडे कुणी अर्ज केला असेल तर त्यात काय काय जोडलं, तेवढं जरूर सांगा.