ध्यानवर्ग नको, पाळी सरळ करा : नोकरदाराच्या मनाची निगा कुणी राखायची?

रात्रपाळीवाला (धागाकर्ता)

थेट मुद्द्यावर येतो. माणसाचं मन कामावर पिचतं आणि दुरुस्तीचं काम मात्र त्याच्याच गळ्यात मारलं जातं. ध्यान करा, मोबाइल लांब ठेवा, रोज तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा. १० ऑक्टोबरचा मानसिक आरोग्य दिन आला की गोव्यातल्या वेर्ण्याच्या आमच्या कारखान्यात श्वासाचा वर्ग भरतो. दिवे मंद, एसी थंड. अर्धी माणसं रात्रपाळी संपवून तशीच आलेली असतात, पाच मिनिटांत घोरायला लागतात. वर्ग घेणाऱ्या बाईंना वाटतं, काय छान तल्लीन झालेत!

आमच्याकडे पाळी उलटी फिरते. आधी रात्र, मग दुपार, मग सकाळ. शरीराचं घड्याळ पुढे ढकलणं त्यातल्या त्यात सोपं, मागे ओढणं अवघड. म्हणून सकाळ-दुपार-रात्र असा क्रम बरा, हे झोपेचा अभ्यास करणारे कधीपासून सांगताहेत. त्याला दमडीचा खर्च नाही. आम्ही मागितलं, तर 'बघू'.

२०२४ मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास आला. २३३ संस्थांमधले ४६,३३६ कामगार. ध्यान, ताण-व्यवस्थापनाचे वर्ग, झोपेची अ‍ॅप वगैरे घेतलेले आणि न घेतलेले यांच्या मनःस्थितीत सांगण्यासारखा फरक नव्हता. तेव्हा माझं म्हणणं असं की हे वर्ग बंद करा आणि तो पैसा माणसं वाढवायला वापरा. मतं येऊ द्या. सूर्योदयाचे फोटो मात्र नकोत.

मांडवीकाठ

+१. आमच्या बँकेत पाळी नाही, पण साहेबांचा 'उद्या सकाळी आकडे हवेत' हा मेसेज रात्री साडेदहाला येतो. त्याच ग्रुपवर सकाळी 'तणावमुक्त राहा'चं चित्र. पाठवणारे तेच.

केपेकर मास्तर

असहमत. बाबा रे, आमच्या काळी काय कष्ट नव्हते? शाळेत चालत जायचं, घरी येऊन कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) पाणी सोडायचं. पण सोमवारी देवळात भजन, जत्रेच्या आधी महिनाभर नाटकाची तालीम. मी स्वतः तीन वेळा लक्ष्मण केला आहे. दुपारी पेज जेवून तासभर आडवं व्हायचं. मनात काही आलं तर ऐकायला दहा माणसं. आज सगळं दार लावून फोनवर. मालकाला दोष देऊन झोप येणार आहे का?

मोगरी

मास्तर, भजनाला पुरुष बसायचे. आत पाट्यावर नारळ कोण वाटत होतं? तुमच्या त्या दहा माणसांचा चहा कोण करत होतं?

माझी आजी बाळंतपणानंतर महिनोन्‌महिने अंथरुणातून उठत नव्हती. बोलणं बंद, बाळाला घ्यायची नाही. देवाला कौल लावला. देवानं उजवा दिला तरी ती उठली नाही, मग घाड्याकडे (अंगातलं उतरवणाऱ्याकडे) नेलं. डॉक्टरकडे नेलंच नाही, कारण तेव्हा वेड्यांचं इस्पितळ म्हणजे पणजीचं आल्तिनो आणि 'हिला आल्तिन्यार व्हरपाक जाय' (हिला आल्तिनोला न्यायला हवं) ही आमच्याकडची शिवी होती. इस्पितळ बांबोळीला जाऊन वीस वर्षं उलटली. शिवीत फक्त गावाचं नाव बदललं. एकत्र घरात ऐकायला माणसं असतात हे खरं, पण तीच माणसं गावभर करतात हेही खरं. त्यामुळे बायका कुणालाच सांगत नाहीत.

सांजवेळ

मी सरकारी आरोग्य केंद्रात काम करते. धागाकर्त्यांच्या अर्ध्या म्हणण्याला मान्यता, उरलेल्या अर्ध्याशी भांडण.

आधी तो ब्रिटनचा अभ्यास. तो एका वेळेचं चित्र दाखवतो. ध्यानवर्गाला कोण जातं? बहुतेकदा ज्याला आधीच त्रास होतो आहे तो. मग वर्ग घेतलेले आणि न घेतलेले सारखेच दिसले, यावरून वर्ग निरुपयोगी हे सिद्ध होत नाही. संशोधकांनी यावर तपासण्या केल्या आहेत, तरी शंका पुरती जात नाही.

दुसरं, आपल्या अंगणातलं. 'संगात' ही संस्था १९९६ पासून गोव्यात काम करते. त्यांनी इथल्या आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर एक चाचणी घेतली, २०१६च्या शेवटी ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी इथलीच माणसं. सहा ते आठ बैठका. तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांत ३९ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, बैठका मिळालेल्यांत ६४ टक्के.

त्या बैठकांत करतात काय? नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. तिंट्यावर (बाजारात) जाणं, बहिणीला फोन, दाढीसुद्धा. सोडलं की आणखी उदास, उदास म्हणून आणखी सोडायचं. समुपदेशक विचारतात, काय काय सुटलं? त्यातली एकच छोटी गोष्ट निवडायची, वार आणि वेळ ठरवून. पुढच्या बैठकीत 'का नाही केलं' अशी उलटतपासणी नसते, आड काय आलं ते विचारतात आणि ते सोडवायला मदत करतात. 'छान विचार करा' वगैरे काही नाही. मन तयार व्हायची वाट न बघता आधी पाय उचलायचा.

म्हणजे वैयक्तिक पातळीवरचं काम फोल नसतं. ते चाळीस जणांना एका हॉलात बसवून तासाभरात होत नाही, एवढंच.

रात्रपाळीवाला

ताई, पटलं, पण पुरतं नाही. ज्याला तीव्र नैराश्य आहे त्याला उपचार हवेतच, तिथे वाद नाही. मी बोलतोय ते आजारी नसलेल्या, पण पिचत चाललेल्या माणसाबद्दल. तुमची माणसं त्याला बरं करून परत त्याच पाळीत पाठवणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही कामाची रचना बदलणं आणि अधिकाऱ्यांना शिकवणं आहे. त्याच संघटनेने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेबरोबर २०२१ मध्ये काढलेलं अनुमानही बघा : आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्याला, ३५ ते ४० तासवाल्यापेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त. श्वास मोजून तो कमी होईल?

किनाऱ्यावरचा

तुम्हाला निदान पाळी तरी आहे. मी शॅकवर, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलात काम करतो. मे संपला की शॅक मोडायचा, पुढचे चार महिने हप्ता मात्र चालू. मला कामाने झोप जात नाही, काम नसल्याने जाते. जुलैत दुपारपासून बारमध्ये बसलेले दिसतील ते आमचेच. लोक म्हणतात गोंयकार सुशेगाद, निवांत. बसलेला माणूस बाहेरून तसाच दिसतो.

आमचा मालक कसली रचना बदलणार? पावसाला सांगणार का?

मांडवीकाठ

किनाऱ्यावरचे यांचा प्रतिसाद वाचून माझा मेसेजवाला साहेब एकदम किरकोळ वाटायला लागला.

सांजवेळ

किनाऱ्यावरचे, दारूसाठीही तशाच बैठकांची चाचणी गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत झाली आहे आणि फायदा दिसला आहे. त्या फक्त पुरुषांसाठी होत्या. जवळच्या केंद्रात विचारून बघा. जायचं नसेल तर १४४१६, केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, फुकट, रात्रीही चालू, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटतो अशा रात्री तर सकाळपर्यंत थांबू नका.

धागाकर्ते, तुमच्या बाजूची एक गोष्ट मीच सांगते. २०१०ची इथली आधीची चाचणी, एकच पद्धत सरकारी केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत. सरकारी केंद्रांत फरक पडला, खासगीत जवळजवळ नाही. म्हणजे उपचार कुठे आणि कोणत्या व्यवस्थेत मिळतो यानेही फरक पडतो. तुमच्या पाळीचंही तसंच असेल.

मांडवीकाठ

जाता जाता : कंपनीचा सामूहिक विमा उघडून बघा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजारालाही द्यावा लागतो. आमच्या शाखेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही मागच्या वर्षीच कळलं.

केपेकर मास्तर

मोगरीबाय, चहाचं बोलणं लागलं. घरी विचारलं, तर सौ. म्हणाली, 'तालमीचा महिना माझ्यासाठी शिक्षाच होती.' चाळीस वर्षांनी कळतंय. नाटक वाईट होतं असं मात्र ती म्हणाली नाही, याची नोंद घ्यावी.

पण सांजवेळ, तुम्ही सांगता ते 'वार ठरवून एक गोष्ट कर' म्हणजे आमचं सोमवारचं भजनच की! मन असो नसो, सोमवार आला की टाळ घेऊन जायचं.

सांजवेळ

जवळपास तेच, मास्तर. फरक इतकाच की गोष्ट त्या माणसाने स्वतः निवडलेली हवी. सुनेला भजनाला बसवून तिचं नैराश्य जाणार नाही.

किनाऱ्यावरचा

देव बरें करूं, ताई. नंबर सेव्ह केला. एका पोराला पाठवायचा आहे, माझ्यासाठी नव्हे. (माझ्यासाठीही असू दे.)

रात्रपाळीवाला

पाळीच्या क्रमासाठी सह्यांचं पत्र करतोय. ध्यानवर्ग बंद करा ही मागणी त्यातून काढली. मत बदललं म्हणून नाही, व्यवस्थापन त्याच एका ओळीवर चर्चा करत बसेल म्हणून. सांजवेळताई, उलट्या पाळीच्या त्रासाबद्दल दोन ओळी लिहून द्याल का? आमच्या शब्दाला 'बघू' मिळतं, तुमच्याला कदाचित तारीख मिळेल.

मोगरी

पत्रात बायकांच्या रात्रीच्या बसचंही घाला. पाळी सरळ झाली तरी मडगावहून घरी कसं यायचं हा प्रश्न तसाच आहे.