ईव्हशम १२६५: एडवर्डचा विजय की ठरवून केलेली कत्तल?

सह्यकडा: इंग्लंडमधल्या दुसऱ्या बॅरन युद्धाचा, म्हणजे राजा तिसरा हेन्री विरुद्ध बंडखोर बॅरन (बडे सरदार) या लढ्याचा निकाल ४ ऑगस्ट १२६५ ला ईव्हशमला लागला आणि जिथे बघावं तिथे राजाचा मुलगा एडवर्डच्या हुशारीचं कौतुक. हुशारी होतीच, केनिलवर्थला बंडखोरांचा पुढारी सायमन डी माँटफर्टच्या मुलाचं सैन्य बेसावध गाठलं, त्यांचेच झेंडे पुढे करून आला, बापाला वाटलं पोरगा मदतीला पोचला. पण मला खटकतं ते पुढचं. सरदाराला जिवंत धरायचं, खंडणी घेऊन सोडायचं हा तेव्हाचा रिवाज, आणि इथे १२ जण खास माँटफर्टला मारायला निवडलेले! तिसेक नाइट कापले, माँटफर्टचं मुंडकं विगमोरला एडवर्डच्या बाजूच्या मॉर्टिमर या सरदाराच्या बायकोकडे धाडलं. याला शौर्य म्हणायचं?

अदिती_प: अजिबात पटलं नाही. आधीचं वर्ष बघा ना, मे १२६४ ला लुईसची लढाई जिंकल्यावर माँटफर्टने राजा तिसऱ्या हेन्रीला सोबत फिरवलं, शिक्का राजाचा आणि हुकूम याचे, वर एडवर्डला ओलीस ठेवलं. तो मे १२६५ मध्ये घोडा पळवून निसटला म्हणून बरं. असा माणूस जिवंत धरला असता तर पुन्हा तेच सुरू झालं असतं.

सह्यकडा: अहो पण त्या गर्दीत खुद्द हेन्री होता! खांद्याला जखम झाली, मी राजा आहे असं ओरडला तेव्हा कुठे वाचला. मुलाच्याच माणसांच्या हातून बाप जायचा, इतकी घाई मारायची.

बखरवाला: माँटफर्टलाही उगाच देव्हाऱ्यात बसवू नका. जानेवारी १२६५ च्या पार्लमेंटला शहरांचे प्रतिनिधी बोलावले हे मोठंच काम, पण १२३१ च्या सुमारास लेस्टरमधून ज्यूंना हाकललं ते यानेच, आणि १२६४ ला लंडनच्या ज्यूंची कत्तल केली ती याच्याच बाजूच्या लोकांनी. त्याबद्दल कोणी बोलत नाही.

सह्यकडा: ते मान्यच, त्याला माफी नाही. पण मारून विषय संपतो हे चूक आहे. माँटफर्टच्या माणसांचा केनिलवर्थचा किल्ला डिसेंबर १२६६ पर्यंत लढत राहिला आणि १२७१ ला माँटफर्टच्या मुलांनी इटलीत व्हितेर्बोच्या चर्चमध्ये एडवर्डच्या चुलतभावाला भोसकलं. तो तर ईव्हशमला नव्हताही.

अदिती_प: आणि त्याच १२६६ मध्ये बंडखोरांना पैसे भरून जमिनी परत घ्यायची सवलत मिळाली, १२६७ च्या मार्लबरोच्या कायद्यात बॅरनांनी मागितलेल्या सुधारणांचा बराच भाग राजाने स्वतः घेतला. माँटफर्ट जिवंत असता तर राजा एवढा वाकला असता? मला नाही वाटत.