गुडघ्यांतील कूर्चेची झीज : आईसाठी 15,000 रुपयांत काय घ्यावे?

फोंड्याची_लेक :
सर्वांना नमस्कार. माझी आई 64 वर्षांची असून तिचे दोन्ही गुडघे दुखतात. उभ्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये सांध्याची आतल्या बाजूची फट अरुंद दिसते. डॉक्टरांच्या मते कूर्चेची, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाची, झीज मध्यम आहे, शस्त्रक्रियेची घाई नाही, परंतु वजन उतरवून मांडीचे स्नायू बळकट केले पाहिजेत. आईचा बराच वेळ आदोळीवर (जमिनीलगतच्या विळीवर) बसून नारळ खवण्यात जातो आणि घरातील शौचालय भारतीय पद्धतीचे आहे. माझ्याकडे एकूण 15,000 रुपये आहेत. व्यायामाची सायकल घ्यावी, गुडघ्याचा पट्टा घ्यावा, की आणखी काही?

म्हापसेकर :
आम्ही वडिलांसाठी मालिश करणारी खुर्ची घेतली. तिला लाखाच्या वर खर्च आला, पण आता ते रात्री शांत झोपतात. आईच्या बाबतीत पैशांकडे पाहू नये, थोडे थांबून खुर्चीच घ्यावी.

मडगावचा_शेजारी :
खुर्चीपेक्षा शस्त्रक्रिया बरी. माझ्या पत्नीचे दोन्ही गुडघे बदलले आणि ती आता मंगेशीला कोणाचाही हात न धरता जाऊन येते. 2017 साली केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, त्यामुळे पूर्वीइतका खर्च राहिलेला नाही.

पेडणेकर_काकू :
माझा विश्वास ग्लुकोसामीनच्या गोळ्यांवर आहे, कारण त्या घेऊन माझे जिने चढणे सुधारले. शिवाय आंबट पूर्ण बंद करावे. सोलकढी आणि चिंच सांध्यांत वात धरतात, हे आमच्या घरी पिढ्यान्पिढ्या मानले जाते.

डिचोलीचा_वाचक :
काकू, कोकमाने कूर्चा झिजते याला आधार नाही. आहाराचा थेट संबंध गाऊटशी आहे. त्यात युरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साचतात आणि त्यासाठी बिअर, कलेजी व शिंपल्यांवर नियंत्रण ठेवावे लागते. हा आजार वेगळा आहे.

निवृत्त_फिजिओ_पणजी :
ताई, यंत्र निवडण्याआधी आत काय घडते ते पाहू. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात, म्हणून झीज सुरू झाली तरी आरंभी दुखत नाही आणि झालेली हानी शरीर सहजी भरून काढत नाही. कूर्चेला पोषण मिळते ते सांध्यातील द्रवातून, आणि तो द्रव आतबाहेर होण्यासाठी सांध्यावर भार पडणे व उतरणे आवश्यक असते. कूर्चेचा मोठा भाग पाण्याचा असून कोलाजेन या प्रथिनाच्या जाळ्यातील प्रोटिओग्लायकन नावाचे रेणू ते पाणी धरून ठेवतात. झिजेच्या संधिवातात कूर्चेच्या पेशीच विकरे (एन्झाइम) सोडून हे जाळे तोडू लागतात, सुटलेले कण सांध्याच्या अस्तराला सूज आणतात आणि ती सूज विकरांचा स्राव आणखी वाढवते. हे चक्र पूर्ण विश्रांतीने थांबत नाही, स्नायू तेवढे क्षीण होतात. वजन 1 किलोने उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे 4 किलोने घटतो, हे मोजमापांत दिसून आले आहे.

ग्लुकोसामीनविषयी सांगायचे, तर 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत सर्व रुग्ण मिळून पाहता या गोळ्या औषधहीन गोळ्यांपेक्षा लक्षणीय सरस ठरल्या नाहीत. त्या बहुधा सुंगटे-कुर्ल्यांच्या (कोळंबी-खेकड्यांच्या) कवचापासून बनतात, तेव्हा ज्यांना त्यांची ॲलर्जी आहे त्यांनी जपावे. माझे मत सायकलला आहे.

काणकोणची_सून :
आधी हा आमवात नाही ना, याची खात्री करून घ्यावी. माझ्या सासूबाईंना एका दवाखान्यात दीर्घकाळ झिजेचेच औषध मिळत राहिले आणि तेवढ्यात बोटे वाकडी झाली, याचे दुःख आजही आहे. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच अस्तरावर हल्ला करते आणि सुजलेले अस्तर कूर्चा व हाड दोन्ही कुरतडते. सकाळचा ताठरपणा तासाभराहून अधिक टिकत असेल किंवा हातांचे लहान सांधे सुजत असतील, तर रक्ततपासणी करून संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. आमवातावरील मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज कदापि नाही.

वास्कोकर :
वर सांगितल्याप्रमाणे सायकलच घ्यावी. पट्टा आमच्याकडेही आहे, मात्र पावसाळ्याच्या दमट हवेत घामाने कातडी सोलते.

फोंड्याची_लेक :
सर्वांची आभारी आहे. आईचा ताठरपणा दहा-पंधरा मिनिटांत जातो, बोटे सुजलेली नाहीत आणि डॉक्टरांनी आमवाताची शक्यता तपासली होती. मात्र आपणांपैकी दोघांनी सुचवूनही मी सायकल घेणार नाही. आई सायकलवर बसणार नाही हे मला ठाऊक आहे, आणि दिवसभर उकिडवे बसणे चालूच राहिले तर अर्ध्या तासाच्या व्यायामाने काय साधेल? हे पैसे शौचालयात कमोड व भिंतीला धरण्याची दांडी बसवण्यासाठी आणि ओट्यावर घट्ट बसणारी, उभ्याने फिरवायची नारळ खवणी घेण्यासाठी वापरते. व्यायाम खुर्चीत बसूनच करवून घेईन.

म्हापसेकर :
खुर्चीचा विचार मात्र सोडू नका.

निवृत्त_फिजिओ_पणजी :
आपली निवड मला मान्य आहे. कमोड आईच्या गुडघ्याच्या उंचीपेक्षा किंचित उंच बसवून घ्या, कारण ठेंगण्या आसनावरून उठताना गुडघ्याच्या वाटीमागे दाब फार वाढतो. खुर्चीत बसून पाय सरळ करून काही क्षण ताठ धरावा आणि हळू खाली आणावा. जमू लागले की घोट्याला हलके वजन बांधावे. काठी वापरायची झाल्यास ती अधिक दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. दुखणे वाढलेल्या दिवसांत गोळीऐवजी डायक्लोफिनॅकचे मलम चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. पोटाला आणि मूत्रपिंडांना त्याचा त्रास गोळीपेक्षा बराच कमी होतो.