मदत हवी आहे: गयाना-सुरिनामचं जंगल, पहिल्यांदाच

नमस्कार मंडळी, मी ठाण्याची. येऊर आणि सह्याद्रीतले पावसाळी ट्रेक सोडले तर जंगलाचा अनुभव नाही. ऑक्टोबरमध्ये, तिकडच्या कोरड्या दिवसांत, नवऱ्यासोबत दक्षिण अमेरिकेतल्या गयाना आणि सुरिनामला जायचंय. २२६ मीटरवरून एका झेपेत कोसळणारा गयानातला कायेतूर धबधबा पाहायचाच आहे! पिवळ्या तापाची लस किमान १० दिवस आधी घ्यायची, परततानाही लसीचं कार्ड लागतं, एवढं कळलंय. खरी काळजी गयानाच्या मध्यभागातल्या इवोक्रामाच्या जंगलाची. राजधानी जॉर्जटाऊनहून ब्राझीलच्या सीमेवरच्या लेथेमकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याने मिनीबसने जाणं झेपेल का? झाडांना बांधलेल्या झोळीत रात्र काढायची तर मच्छरदाणी कशी न्यावी? मलेरियाच्या गोळ्यांचा कुणाला त्रास झाला? आणि सुरिनाममध्ये भारतीय वंशाचे लोक भोजपुरीच्या वळणाची सरनामी भाषा बोलतात, तिथे आपल्या हिंदीवर निभावतं का? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा, खर्चासकट.