उन्हाळी कॅम्प, वीकेंडच्या सहली आणि आपली नोकरी: ही सुट्टी नक्की कोणाची?

मुक्काम_पोस्ट_एडिसन

न्यू जर्सीत शाळा जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुटतात आणि बहुतेक ठिकाणी लेबर डे, म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार, उलटला की उघडतात. मधले दहा-अकरा आठवडे मुलांचं करायचं काय, हा घोर इथल्या मराठी घरांना भर थंडीतच लागतो. टाउनशिपच्या स्वस्त कॅम्पची नोंदणी तेव्हाच सुरू होते आणि बघता बघता भरते. मग उरतात आठवड्याला चारशे डॉलरवाले खाजगी कॅम्प. एक आठवडा रोबोटिक्स, पुढचा सॉकर, मग बुद्धिबळ, मग 'नेचर'. पोरगं दर सोमवारी नव्या टी-शर्टात, नव्या अनोळखी घोळक्यात. संध्याकाळी कुमॉन क्लासच्या वर्कशीट आहेतच.

आणि शुक्रवारी रात्री गाडी भरायची. लाँग वीकेंडला नायगारा, एरवी पोकोनोजचे डोंगर नाहीतर जर्सी शोरचा समुद्र. सात तास गाडी हाकायची, निळे रेनकोट घालून धबधब्यासमोर फोटो काढायचा, रविवारी मध्यरात्री घरी, सोमवारी नऊला ऑफिसची स्टँडअप मीटिंग.

माझं मत सरळ मांडतो, मग हवं तर झोडपा. ही सुट्टी नाही, मुलांची नोकरी आहे. साडेआठला हजेरी, तीनला सुटका, फक्त पगार आपण भरायचा. दोन मुलांचा हिशोब मांडला तर त्या पैशांत अख्ख्या घराची भारताची तिकिटं येतात. फार तर चार आठवडे कॅम्प करावा. बाकी दिवस मुलांना घरी राहू द्या, सायकली फिरवू द्या, लायब्ररीत लोळू द्या. एक पालक वर्क फ्रॉम होम असतोच हल्ली. आपण मे महिन्यात आजोळी काय करायचो? काही नाही. तरी घडलोच ना?

सकाळचा_चहा

+१. मुलांना कंटाळा आला की आईबाप घाबरतात, हा नवीनच रोग आहे. कंटाळू द्या की.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय, कारण पुढचा प्रतिसाद कसा येणार ते माहीत आहे.)

दोन_मॉनिटर

पुढचा प्रतिसाद आला.

घरी राहणारा तो 'एक पालक' कोण, हे धागाकर्त्यांनी लिहिलं नाही. लिहायची गरजही नव्हती, सगळ्यांना कळलं.

मी घरूनच काम करते. गेल्या उन्हाळ्यात एका आठवड्यासाठी कॅम्प मिळाला नाही, तर सात वर्षांची मुलगी घरी होती. ऐन रिव्ह्यूमध्ये मी अनम्यूट केलं आणि मागून आवाज, "आई, टॉयलेट पेपर संपला!" सगळे हसले, मीही हसले. पण त्या आठवड्यात तिने आयपॅड किती पाहिला हे मी कुणाला सांगणार नाही. लायब्ररीत लोळायला आधी तिथवर सोडावं लागतं, कारण रस्त्याला फुटपाथ नाही. सायकलचंही तेच.

आणि हिशोब फक्त डॉलरचा मांडू नका. डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म, लसीकरणाचा कागद, कोण घ्यायला येऊ शकतं त्याची यादी, बुधवारी पोहण्याचे कपडे, गुरुवारी पिवळा टी-शर्ट, डब्यात शेंगदाणा चालणार नाही. हे सगळं ज्यांच्या डोक्यात असतं त्यांना विचारा कॅम्प ही चैन आहे का. साबुदाण्याच्या खिचडीत कूट असतो हे विसरून मी एकदा डबा दिला होता. कॅम्पमधून फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. नवरापण घरीच होता, पण फॉर्मवर पहिला नंबर माझा.

मुक्काम_पोस्ट_एडिसन

@दोन_मॉनिटर, स्त्री-पुरुष वाद इथे आणू नये ही विनंती. मी 'पालक' म्हटलं, त्यात मीही आलो.

दोन_मॉनिटर

आलात का? मग मुलांच्या कॅम्पचा पिकअप कोड काय आहे, न विचारता सांगा.

गळ्यात_किल्ली

आजोळाच्या आठवणींना माझा विरोध. आमचं आजोळ डोंबिवलीतच, दोन गल्ल्या पलीकडे, आणि आजी अंथरुणाला खिळलेली. आई बँकेत, बाबा चर्चगेटला. मे महिन्यात आम्ही दोघं भाऊ घरी, किल्ली खरोखर गळ्यात. पण समोरच्या काकूंचं दार दिवसभर उघडं असायचं. भांडण झालं तर त्या येऊन दोघांना एकेक ठेवून द्यायच्या, जेवलो का विचारायच्या, आणि आईला संध्याकाळी सगळा अहवाल मिळायचा. फुकट.

त्या काकू इथे कुठून आणायच्या? मी मेरीलँडमध्ये आहे. आठ वर्षांखालचं मूल घरात एकटं ठेवता येत नाही, सोबत किमान तेरा वर्षांचं कुणीतरी लागतं, असा इथे कायदाच आहे. न्यू जर्सीत असा आकडा नाही, पण म्हणून शेजारी पोलिसांना फोन करणार नाहीत असं नाही. काकूंच्या बदल्यात आपण कॅम्प विकत घेतो. महाग आहे, मान्य. पण आजोळाशी तुलना करू नका.

रच्याकने (बाय द वे), पुण्या-मुंबईतही आता एप्रिल-मेमध्ये छंदवर्ग आणि निवासी शिबिरं फुल्ल असतात. माझा भाऊ तिकडे हेच सगळं करतोय, फक्त रुपयांत.

बांधावरून

ही लांबलचक सुट्टी मुळात शेतीमुळे आली. मुलं शेतात मदतीला लागायची. आता शेती गेली, सुट्टी राहिली. तीच छोटी करा, प्रश्न मिटला.

खवट_म्हातारा

@बांधावरून, असं सगळेच सांगतात, पण शेतकऱ्याला विचारून पाहा. पेरणी वसंतात, कापणी शरदात. जुलै-ऑगस्टमध्ये मुलांची त्यातल्या त्यात कमी गरज. जुन्या काळी अमेरिकेतल्या खेड्यांतल्या शाळा उलट हिवाळा आणि उन्हाळा अशा दोन सत्रांत भरायच्या. लांब उन्हाळी सुट्टीत मोठा हात शहरांचा. तिथे उकाडा, ऐपतदार घरं शहर सोडून थंड ठिकाणी जायची, वर्ग ओस पडायचे. कॅम्पही त्याच एकोणिसाव्या शतकातले. कनेटिकटमधल्या गन नावाच्या मुख्याध्यापकांनी १८६१ मध्ये शाळेतली मुलं समुद्राकाठी तंबूत नेली, तो पहिला मानतात. म्हणजे ही सगळी मुळातच ऐपतदारांची सोय. आपण ऐपत यायच्या आधीच तिच्यात उडी घेतली, एवढाच फरक.

राइनकाठचा_राजापूरकर

जर्मनीतून लिहितोय. इथे उन्हाळी सुट्टी सहा आठवडे, आणि प्रत्येक राज्याची वेगळ्या तारखांना. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाला किमान वीस दिवस भरपगारी रजा हा कायदा. प्रत्यक्षात अनेक कंपन्या तीस देतात. आम्ही नवरा-बायको आलटून पालटून तीन-तीन आठवडे घेतो. मध्ये एखादा आठवडा शहराच्या सुट्टी-वर्गात.

तुमच्याकडे केंद्रीय कायद्याने भरपगारी रजा किती? शून्य. देईल ते मालक देईल. धागा त्यावर हवा होता. कॅम्पवाल्यांना कशाला धुताय?

तोटाही सांगतो. तिकीट स्वस्त मिळतं म्हणून सुट्टीच्या दोन दिवस आधी मुलाला शाळेतून काढून भारतात न्यायचं म्हटलं तर दंड होऊ शकतो. बव्हेरियात तर पोलिसांनी विमानतळावर शाळकरी मुलांच्या घरच्यांना अडवून विचारलं आहे.

सकाळचा_चहा

पोलीस?! आमच्याकडे शाळेला एक मेल टाकला की झालं. चला, कशात तरी आम्ही पुढे.

रांगेतली

मी सहसा लिहीत नाही. पण 'त्या पैशांत भारताची तिकिटं येतात' हे वाचून राहवलं नाही.

तिकिटं येतात हो. परत येता येईल का, हा प्रश्न असतो. आम्ही एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाले. तिकडे गेलं की पासपोर्टवर व्हिसाचा नवा स्टँप घ्यावा लागतो. २०२५ च्या डिसेंबरमध्ये भारतातल्या एच-१बीच्या ठरलेल्या मुलाखती अचानक काही महिने पुढे ढकलल्या गेल्या. सुट्टीला गेलेली माणसं तिकडे अडकली, इकडे घरभाडं चालू. त्यामुळे यंदा आम्ही जाणार नाही. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हिडिओ कॉलवर उरकलं. मग उरतं काय? पोकोनोज. त्या छोट्या सहलींना तुम्ही पळापळ म्हणता, आमच्याकडे दुसरं काही शिल्लकच नाही.

नायगाराचंही तेच. कॅनडाच्या बाजूने धबधबा जास्त चांगला दिसतो म्हणतात. आमच्या भारतीय पासपोर्टना त्यासाठी कॅनडाचा व्हिसा हवा. धाकटीचा जन्म इथला. ती सीमेवरच्या रेनबो ब्रिजवरून पलीकडे चालत जाऊ शकते, आम्ही तिघं अलीकडे.

खरी गोष्ट मोठ्याची. तो पुण्यात जन्मला, दोन वर्षांचा असताना इथे आला, आता सतरा. एच-४, म्हणजे एच-१बीवाल्याच्या बायकामुलांचा व्हिसा. त्याचे सगळे मित्र यंदा कुठे ना कुठे कामाला लागलेत. कुणी पोहण्याच्या तलावावर लाइफगार्ड, कुणी आइस्क्रीमच्या दुकानात. याला एक तासही पगारी काम करता येत नाही. धाकटी यंदा चौदाची झाली. तिने राज्याच्या वेबसाइटवर अर्ज भरला, परवाना मिळाला, आणि त्याच आइस्क्रीमच्या दुकानात आता ती उभी राहते. तिला पहिला पगार मिळाला त्या दिवशी तिने भावाला बर्गर खाऊ घातला. तो खाल्ला आणि वर जाऊन दार लावून घेतलं.

ज्या कॅम्पला ही दोघं लहानपणी जायची तिथे दर वर्षी ब्रिटन, पोलंडहून पोरं जे-१ व्हिसावर येतात, काउन्सेलर म्हणून पगार घेतात. चांगली पोरं असतात, त्यांच्यावर राग नाही. पण तिथलं तळं न तळं माहीत असलेल्या आमच्या मुलाला तिथे फक्त 'शिकाऊ काउन्सेलर' होता येत होतं, आणि त्यासाठी फी उलट आम्हीच भरायची. यंदा तो लायब्ररीत लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवतो. स्वयंसेवक म्हणून.

आणि पैशांचं म्हणाल तर डिपेंडंट केअर एफएसए ऐकलं असेल. पगारातून वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत (२०२६ पासून ७,५००) करमुक्त बाजूला काढायचे, तेरा वर्षांखालच्या मुलाच्या डे कॅम्पला ते चालतात. अट अशी की दोघंही कमावते हवेत, नाहीतर जोडीदार नोकरी शोधत असावा किंवा पूर्णवेळ शिकत असावा. धाकटी लहान असताना माझ्याकडे ईएडी (काम करायचं परवानापत्र) नव्हतं, म्हणजे नोकरी करायचीही नाही आणि शोधायचीही नाही. सवलत गेली. पुढे ईएडी आलं, नोकरी लागली. आता नूतनीकरण रखडलंय, आणि आपोआप मिळणारी मुदतवाढ ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी बंद झाली. म्हणून यंदा मी घरी आहे. तुमचा तो 'एक पालक'.

दोन_मॉनिटर

_/\_

मुक्काम_पोस्ट_एडिसन

@रांगेतली, तुमची परिस्थिती वेगळी आहे, आणि तिच्यावर बोलायचा मला अधिकार नाही. माझा रोख ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व मिळालेल्या, दोन पगारांच्या घरांवर होता. त्यांना निवड आहे. तरी ती शेजाऱ्याचं बघून दहाच्या दहा आठवडे भरून टाकतात. त्यावर मी ठाम आहे.

तळ्याकाठी

ठाम राहा, पण एक सांगतो. मी सांगलीचा, कृष्णाकाठी वाढलो आणि पोहता येत नाही. आईने पुराच्या भीतीने नदीवर जाऊच दिलं नाही. माझ्या मुलीने टाउनशिपच्या कॅम्पात दुसऱ्याच आठवड्यात खोल पाण्याची चाचणी दिली. मनगटावर आधी लाल पट्टी, मग पिवळी, मग हिरवी. हिरवी मिळाली त्या रात्री ती पट्टी काढून ठेवेना, आंघोळीलाही. घरी ठेवून, सायकल फिरवून हे झालं नसतं. मी तरी शिकवू शकलो नसतो.

पोळीभाजी_सेंट्रल_जर्सी

सगळं वाचलं. कॅम्प की घर, हा पगारदारांचा वाद आहे. आमचा डब्यांचा धंदा. उन्हाळा म्हणजे सीझन. ग्रॅज्युएशन पार्ट्या, मुंजी, शिवाय भारतातून आलेले आजी-आजोबा, ज्यांना सून कामावर गेल्यावर गरम पोळी हवी असते. आमची दोन्ही मुलं सकाळी डब्यांवर नावं चिकटवतात, चटणीच्या वाट्या भरतात, पत्ते मार्गाप्रमाणे लावतात. थोरल्याचा गुणाकार कुमॉनशिवाय पक्का झालाय. सोमवारी स्वयंपाकघर बंद, तेव्हा वाइल्डवुडला जातो. तिथला बीच फुकट. बाकी बहुतेक शोरवर वाळूत पाय ठेवायलाही बॅज विकत घ्यावा लागतो.

सकाळचा_चहा

याला बालमजुरी म्हणत नाहीत का? विचारतोय फक्त.

पोळीभाजी_सेंट्रल_जर्सी

विचारा की. इथला केंद्रीय कायदा आईबापांच्या स्वतःच्या धंद्यात मुलांना काम करू देतो. कारखाना, खाण आणि धोक्याची कामं वगळून. आमच्याकडे सुरी, कढई आणि कणकेचं मशीन यांच्या जवळपास त्यांना फिरकू देत नाही. आणि कोकणात मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरणारी मुलं तुम्ही कौतुकाने आठवता ना? तिथे भाचा, इथे मजूर?

रविवारची_शाळा

नमस्कार. मी २२ वर्षांची आहे. मराठी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या शाळेत शिकले, तर चुका माफ करा. मी ते मूल आहे ज्याच्याबद्दल सगळे बोलत आहेत, कुणी विचारलं नाही म्हणून स्वतः लिहिते.

मला कॅम्प आवडायचा. सगळे नाही. रोबोटिक्स बोअर होता. पण टाउनशिपच्या कॅम्पात दर वर्षी तीच मुलं यायची, मेलेडी आणि खुशबू माझ्या आजही मैत्रिणी आहेत. मला जे आवडायचं नाही ते वीकेंड. बाबा गाडी चालवताना चिडायचे, आई मागे वळून पुऱ्या वाटायची, हॉटेलात पोहोचलो की दोघांचे लॅपटॉप उघडायचे. एकदा शेनांडोआ नॅशनल पार्कला आम्ही पार्किंगच्या पुढे गेलोच नाही, कारण ऑफिसमध्ये प्रॉडक्शन डाउन होतं, म्हणजे सिस्टिम बंद पडली होती. फोटो आहे, सगळे हसत आहोत.

मुक्काम_पोस्ट_एडिसन

मग तुला तेव्हा काय हवं होतं, जरा सांग. खरंच विचारतोय.

रविवारची_शाळा

स्लीप-अवे कॅम्प, म्हणजे रात्री तिथेच राहायचं. दोन आठवडे, मेन राज्यात, दोघी मैत्रिणी जात होत्या. आई म्हणाली रात्री मुलीला बाहेर ठेवायचं नाही. बाबा म्हणाले एवढ्या पैशांत आपण सगळे फ्लोरिडाला जाऊ. गेलो पण.

दोन_मॉनिटर

हे घरी वाचून दाखवणार आहे. बाकी वाचकांसाठी: स्लीप-अवे कॅम्पला एफएसए चालत नाही, फक्त डे कॅम्पला. पावत्या जपून ठेवा.