पलंगावर बसूनच नऊ तास काम करावं लागतं, निदान नीट कसं बसायचं ते सांगाल का?

पूर्वेचीखिडकी

नमस्कार. आधीच सांगते, "टेबल-खुर्ची घे" हे मला सगळ्यांनी सांगून झालंय. घेतली असती, ठेवायला जागा नाही.

डोंबिवली पूर्वेला वन बीएचके, भाड्याचा. हॉलमध्ये दिवाणावर सासूबाई झोपतात, खाली गादी टाकून नवरा. बेडरूम नऊ बाय दहाची. त्यात सहा बाय सव्वासहाचा बॉक्सचा पलंग आणि कपाट. कपाटाचं दार उघडलं की मध्ये उभं राहायला जागा उरत नाही. दुसऱ्या बाजूला खिडकी आणि कपड्यांची दोरी. भिंतीला फोल्डिंग टेबल लावायचं म्हटलं तर घरमालक खिळासुद्धा ठोकू देत नाहीत.

काम अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या बिलिंगचं, पेमेंट पोस्टिंग. विमा कंपनीकडून आलेले पैसे रुग्णाच्या खात्यावर ओळीओळीने चढवायचे. बिल किती, मंजूर किती, कापले किती, रुग्णाच्या वाट्याला किती. शिफ्ट संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेसात ते साडेचार. फोनवर बोलायचं काम नाही म्हणून तर घरून जमतं, कारण सहा वर्षांची मुलगी माझ्याच शेजारी झोपते. माझ्या गुडघ्यावर हात ठेवल्याशिवाय तिला झोप लागत नाही. मी उठून ओट्यापाशी गेले की दहा मिनिटांत तिला जाग येते.

चौदा महिने असंच चाललंय. पाठीला दोन उशा, पाय लांब, मांडीवर गोधडीची घडी, तिच्यावर लॅपटॉप. आता माकडहाड दुखतं. मान डावीकडे वळवताना कळ येते. दोन महिन्यांपासून उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पहाटेपर्यंत बधिर होतं. आकडे तर त्याच हाताने मारायचे असतात. आणि साडेतीनला लॅपटॉप मिटला तरी साडेपाचपर्यंत झोप येत नाही. त्याच जागी, त्याच उशीवर डोकं ठेवते आणि डोळ्यांपुढे रकाने फिरत राहतात.

"लोळत काम करतेस, मजा आहे" हे नातेवाइकांकडून ऐकलं की फार लागतं. लोळायला मिळावं म्हणून मी इथे बसत नाही. घरात रात्रभर दिवा लावता येईल अशी ही एकच जागा आहे. पलंगावरच बसून शरीराची कमी झीज कशी करायची, एवढंच सांगा.

तळेगावकर

ताई, राग मानू नका, पण पलंगावर काम म्हणजे दुखणं घरी बोलावणं. माझ्या कंबरेच्या मणक्यांमधली (एल-फोर एल-फाइव्हची) गादी २०२१मध्ये सरकली. लॉकडाऊनमध्ये वर्षभर बेडवरून काम केलं होतं, सहा आठवडे कामावर जाता आलं नाही. कसंही करून खुर्ची बघा. आणि ऑफिसला लेखी मेल टाका. निदान वेगळा कीबोर्ड, माउस आणि खुर्ची मागा. तोंडी मागितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

पूर्वेचीखिडकी

राग नाही. मेल उद्याच टाकते. गेल्या वर्षी तोंडी विचारलं तेव्हा "घरून काम ही तुम्हाला दिलेली सवलत आहे" असं उत्तर आलं होतं, म्हणून पुन्हा विचारलं नाही. खुर्चीचं मात्र खरंच सांगते, टेप घेऊन मोजलंय. कपाट आणि पलंगामध्ये चौदा इंच उरतात.

फिजिओ_नाशिक

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण बसण्याबद्दल सांगते.

पहिली चूक पाय लांब करण्याची. पाय सरळ पसरले की मांडीमागचे स्नायू ताणतात आणि कटीचं हाड मागे ओढतात. मग कंबरेचा नैसर्गिक बाक जातो, पाठ कमानीसारखी होते आणि सगळा भार माकडहाडावर येतो. मागे कितीही उशा लावा, खालून कंबर सुटलेलीच असते. त्याऐवजी मांडी घाला आणि बुडाखाली चादरीची चार बोटं जाडीची घट्ट घडी घ्या, म्हणजे बूड गुडघ्यांपेक्षा वर येईल. मऊ फोममध्ये बूड रुततं, तेव्हा घडीखाली प्लायचा तुकडा टाका. बसून बघा, पाठ आपोआप सरळ होते. आता उशी फक्त कंबरेच्या खळग्यात, एकच.

बोटांचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात ना, ती नस कोपराच्या आतल्या बाजूने एका खोबणीतून जाते आणि करंगळी व तिच्या शेजारच्या अर्ध्या बोटाला संवेदना पुरवते. कोपर खूप दुमडून तासन्‌तास गादीवर टेकवलं की ती दाबली जाते. मांडीवर लॅपटॉप घेतला की नेमकं तेच होतं. कीबोर्ड वेगळा घ्या, कोपर काटकोनापेक्षा थोडं उघडं ठेवा, हाताखाली उशी घ्या पण भार कोपराच्या टोकावर नको. झोपतानाही हात दुमडून डोक्याखाली घेऊ नका.

स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी. एकाच लॅपटॉपमध्ये स्क्रीन वर आणि हात खाली हे जमूच शकत नाही, म्हणून वेगळ्या कीबोर्डशिवाय मानेला सुटका नाही. अर्ध्या तासाने एकदा उठा. मुलगी जागी होते म्हणालात, तर पलंगाच्या कडेला येऊन पाय जमिनीला टेकवा आणि दहा वेळा उभ्या राहून बसा. हात तिच्या जवळच राहील.

बधिरपणा दिवसाही राहू लागला, हातातून वस्तू निसटू लागल्या, तळव्याचे स्नायू बसल्यासारखे दिसले तर थांबू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा लघवीवरचा ताबा गेल्यासारखा वाटला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जुनीचोपडी

वय ७१. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात २६ वर्षं दिवाणजी होतो. आमचं ऑफिस म्हणजे गादीच. मागे लोड, पुढे बुटकं लाकडी मेज, आपल्याकडे उतरतं. सौदे निघाले की सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत बैठक असे.

दोन गोष्टी सांगतो. गादी कापसाची, दर वर्षी पिंजून घट्ट भरलेली असायची. तिच्यात माणूस रुतत नसे. आणि लोडाला टेकायचं ते हिशेब मिटल्यावर. लिहिताना कुणी टेकत नसे. एक मांडी आडवी, दुसरा गुडघा उभा, त्याच्यावर चोपडी नाहीतर हात. पाय भरून आला की बाजू बदलायची. माझे मालक सांगायचे, एकाच मांडीवर पूर्ण पान लिहू नका. कंबर अजून शाबूत आहे. मान मात्र दुखते, ती खाली वाकून लिहिल्याने, तेव्हा फिजिओताई स्क्रीनबद्दल म्हणतात ते ऐका.

दुरुस्तीवाला

मी लॅपटॉप दुरुस्त करतो. गोधडी आधी बाजूला करा. बहुतेक लॅपटॉप खालून हवा ओढतात. गोधडीने ती भोकं बुजतात आणि आतल्या पंख्यावर धाग्यांची लव जमते. माझ्याकडे आलेले कितीतरी पंखे उघडले की आत नमद्यासारखा थर निघतो. मशीन तापलं की स्वतःच वेग कमी करतं, म्हणून पहाटे ते हळू चालत असेल. खाली लाकडी पाट ठेवा, पायांचा. पाटाखालूनही हवा खेळते. ट्रॅकपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा झाकण नीट मिटेना तर बॅटरी फुगलीय. मग ते मशीन चार्जिंगला लावून शेजारी मूल झोपवू नका, दुसऱ्याच दिवशी बदलून घ्या.

रातकिडा

झोपेबद्दल बोलतो, कारण आठ वर्षं रात्रपाळी केली.

१९७२मध्ये रिचर्ड बूटझिन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने निद्रानाशावर एक पद्धत मांडली. पलंग फक्त झोपेसाठी ठेवायचा, वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, डोळे मिटायला लागले की परत यायचं. ती अजूनही वापरतात. माझ्या डॉक्टरांनी हेच सांगितलं तेव्हा मी म्हणालो, दुसरी खोली कुठून आणू? तेव्हा मी घाटकोपरला दहा बाय बाराच्या खोलीत राहायचो.

मी पलंगाचेच दोन भाग केले. कामाला पायथ्याकडे, भिंतीकडे तोंड करून. झोपायला उशाकडे. कामाच्या जागी एक सतरंजी अंथरायचो. लॉगिनच्या आधी अंथरायची, लॉगआउट झालं की घडी करून पलंगाखाली. मग तोंड-हात-पाय धुवायचे, दिवा बंद. पहिले दहा दिवस काही फरक पडला नाही. मग हळूहळू ती घडी केली की जांभई यायला लागली. सतरंजीवर कधीही झोपलो नाही आणि उशीवर टेकून कधीही मेल उघडला नाही, त्यात सूट घेतली नाही.

चहा रात्री बाराच्या पुढे नको. त्यातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास जातात.

पूर्वेचीखिडकी

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार, आणि काय झालं ते सविस्तर सांगते, कारण माझ्यासारख्या आणखी असतील.

मेलला सहा दिवसांनी उत्तर आलं. खुर्ची नाही, पण कीबोर्ड आणि माउस आला. नंबरपॅडचा कीबोर्ड मागितला होता, तोच मिळाला.

सतरंजी आईने दिलेली काढली. पायथ्याशी अंथरते. मुलगी आता आडवी झोपते, डोकं उशाकडे न ठेवता भिंतीकडे, म्हणजे तिचा हात माझ्या गुडघ्यापर्यंत पोचतो. हे तिनेच सुचवलं.

जुनीचोपडी काकांनी सांगितलं तसं एक गुडघा उभा करून बसायची सवय करत होते. एका रात्री एकच्या सुमाराला सासूबाई पाणी प्यायला उठल्या आणि दारातून बघत राहिल्या. मग आत येऊन माझ्या शेजारी तशाच बसल्या. माहेर-सासर दोन्ही सोलापूरचं, लग्नाआधीपासून त्यांनी विड्या वळल्यात. पानं आणि तंबाखू घरी आणायची, वळलेल्या विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या. मला एवढंच माहीत होतं. त्या रात्री त्यांनी उशी मांडीवर घेतली, सूप कसं धरायचं ते दाखवलं. कोपरं अंगाला चिकटलेली, पण टेकलेली नाहीत. हलायची ती फक्त मनगटं आणि बोटं. म्हणाल्या, "तंगड्या लांब करून बसलीस की कंबर मोडती. हजार विड्या व्हायच्या दिवसाला. पंचवीसचा कट्टा बांधला की मांडी बदलायची, चार कट्टे झाले की उठून उंबऱ्यापर्यंत जायचं. नाही गेलं की रात्री रडू यायचं." बोलता बोलता त्यांची बोटं हवेत पान गुंडाळत होती. पान नाही, तंबाखू नाही, तरी दोरा गुंडाळून टोक आत दाबण्यापर्यंत सगळं.

लग्नाला नऊ वर्षं झाली. त्यांनीही घरी बसूनच पोट भरलंय, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. "बिछान्यात बसून कसली नोकरी" असं त्या पूर्वी शेजारणीला म्हणाल्या होत्या आणि मी ते मनात धरून बसले होते.

आता मीही तेच माप धरलंय. २५ एंट्री झाल्या की मांडी बदलते, १०० झाल्या की कडेला येऊन उभी राहते, बसते, दहा वेळा. गजर लावला तर मुलगी उठते, त्यापेक्षा हे मोजणं सोपं, आकडा स्क्रीनवर दिसतोच. सासूबाई रोज सकाळी विचारतात, किती कट्टे झाले. परवा १४ झाले.

आता दुखण्याचं. माकडहाड जवळजवळ थांबलं. मान निम्मी बरी आहे. बोटं अजून पहाटे बधिर होतात, पण पूर्वी एक वाजल्यापासून व्हायची, आता तीननंतर. दिवसभर ठीक असतात. फिजिओताई, अजून तीन आठवडे बघू की आताच दाखवू? झोप साडेचारच्या आसपास लागते. शनिवार-रविवारी सगळं विस्कटतं आणि सोमवारी पुन्हा पहिल्यापासून.

फिजिओ_नाशिक

सुधारतंय हे चांगलं, पण आताच एकदा दाखवून घ्या. दोन महिन्यांहून जुना बधिरपणा आहे. नस किती दबलीय हे तपासणीत कळतं आणि उशीर केला तर ती भरून यायला फार वेळ लागतो. तोवर झोपताना कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळा, म्हणजे झोपेत हात पूर्ण दुमडला जाणार नाही. तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार. सूप धरायची जी रीत त्यांनी दाखवली, ती मी इथल्या पेशंटना दाखवणार आहे.

गच्चीवरची

मीही बेडवरूनच काम करते, विरारला. प्लाय नेमका किती मोठा घेतला आणि लॅपटॉप कशावर ठेवला?

पूर्वेचीखिडकी

प्लाय १२ मिलिमीटर जाडीचा, २४ बाय १८ इंच. सुताराकडे उरलेला तुकडा मिळाला, कडा पॉलिशपेपरने घासून घेतल्या, नाहीतर चादर फाटते. त्यावर जुन्या सोलापुरी चादरीची घडी. पुढे गणपतीचा चौरंग, वर्षभर माळ्यावरच असतो. गणपतीचा म्हणून आधी सासूबाईंना विचारलं, त्यांनीच पुसून खाली दिला. तो एक फूट उंच आहे, त्यावर पाट आडवा ठेवून लॅपटॉप, म्हणजे स्क्रीन डोळ्यांसमोर येते. कीबोर्डला दुसरा पाट, मांडीच्या लगेच पुढे. चौरंगाच्या पायांखाली कापड घाल, गादीवर डुगडुगतो.

उद्या अकराला डॉक्टरांची वेळ घेतलीय. कळवते.