रोगवार कार्यक्रम बंद केले की प्राथमिक आरोग्य केंद्र सुधारतं म्हणे!

मांजराकाठ:
कालच्या पोस्टीत कुणीतरी लिहिलंय, "क्षयरोग, कुष्ठरोग, पोलिओ हे रोगवार कार्यक्रम बंद करा, पैसा थेट प्राथमिक केंद्राला द्या." वर टाळ्या! हिवतापाचं काय झालं ते तरी वाचा. १९५८ला निर्मूलन सुरू झालं, १९६५पर्यंत देशातले रुग्ण लाखाच्या आसपास आले, १९७६ला ६४ लाखांच्या वर गेले. डास डीडीटीला सरावले, हे खरंच. पण ज्या भागातली फवारणी थांबवली, तिथं तापाच्या प्रत्येक रुग्णाच्या बोटातलं रक्त काचपट्टीवर घेऊन तपासायचं काम साध्या केंद्रांकडं आलं. तिथं ते कुणाचंच राहिलं नाही.

दुधना:
निम्मंच सांगितलंत. केंद्रांना ते पेललं नाही, कारण पैसा नि माणसं आधीच हिवतापाच्या खात्यानं ओढून नेली होती. आजही तेच. पाच हजार लोकांमागं एक उपकेंद्र. पल्स पोलिओचा रविवार बूथवर, मग घरोघर. क्षय-कुष्ठ शोध अभियान आलं की पुन्हा घरोघर. तेवढे दिवस बीपी-शुगरच्या गोळ्या कोण वाटणार? दर कार्यक्रमाचं रजिस्टर वेगळं, अ‍ॅप वेगळं, सेविका मात्र तीच.

बिब्बा:
कामून भांडता? दसरा झाला की बीड-धारूरचा ऊसतोडीचा कोयता कर्नाटकात जातो, अन् क्षयाचा साधा कोर्सही सहा महिन्यांचा, म्हणजे हंगामाएवढाच. निक्षयचा, म्हंजे क्षयाच्या सरकारी पोर्टलचा, आयडी देशात कुठंबी चालतो. बीपीवाल्याचा कागद फडावर कोण बघतंय?

दुधना:
आयडी चालतो हो, पण पलीकडच्या केंद्रानं ट्रान्सफर स्वीकारली तर! नाहीतर रुग्ण दोन्हीकडून अधांतरी. निघण्याआधी महिन्याच्या गोळ्या हातात नि मुकादमाचा फोन कार्डावर, हे उपकेंद्रच करतं, पोर्टल नाही. आणि फ्रिजचं बोला. लसीकरणाच्या आयएलआरमध्ये, म्हणजे लसींच्या खास फ्रिजमध्ये, बाकी कुठलं औषध ठेवायचं नाही. मग कुत्रं चावल्यावरची लस शेजारच्या घरगुती फ्रिजमध्ये, लाइट गेली की बोंब.

बर्फाची_लादी:
तो नियम उगाच नाही, जरा ऐका. आयएलआर वरून उघडतो, थंड हवा तळाशी बसते, भिंतीतला बर्फ लाइट गेल्यावरही तापमान धरून ठेवतो. येईल त्यानं दिवसभर झाकण उघडलं तर २ ते ८ अंश कसे टिकणार? तळ सगळ्यात थंड. तिथं पोलिओचे थेंब, गोवर-रुबेला, बीसीजी चालतात. पेंटा (पाच रोगांची एक लस), टीडी (धनुर्वात-घटसर्पाची), हेपॅटायटिस-बी वरच्या बास्केटमध्येच. कुणी घाईत दुसरं काही कोंबलं, पेंटा तळाला गेली नि गोठली, की संपली. वितळल्यावर दिसायला मात्र ठणठणीत. शंका आली तर त्याच कंपनीच्या त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवा. दोन्ही १०-१५ सेकंद हलवा, शेजारी ठेवा, अर्धा तास बघा. संशयित कुपीतला साका गोठवलेलीइतकाच भरभर बसला, तर ती फेका. आणि कुपीत बर्फच दिसला तर टेस्ट कसली करता, सरळ फेकाच.

मांजराकाठ:
म्हणजे केंद्रातला धड चालणारा फ्रिज कार्यक्रमानंच दिलाय. मी वेगळं काय म्हणत होतो?

दुधना:
वा! म्हणजे कुत्र्यानं चावण्याआधी विचारायचं, "तुझा कार्यक्रम कोणता?"

बिब्बा:
रेबीजचाबी कार्यक्रम हाय की राष्ट्रीय. सापाचा पण आला २०२४ला. आता विंचवाचाच काय तो राहिला.

बर्फाची_लादी:
बरं, एवढं मान्य. रेबीजची लस, इन्सुलिन, ऑक्सिटोसिन या तिघांनाही २ ते ८च लागतं, नि त्यांच्या फ्रिजला कुणी वाली नाही. दुसरा आयएलआर मागा. कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे बजेटच्या कुठल्या खात्यातून, ते मात्र तुम्ही भांडा.

दुधना:
लेखाशीर्ष! सकाळपासून दुसरं काय बोंबलतोय मी?

बर्फाची_लादी:
स्टॅबिलायझरसकट मागा. नाहीतर पहिल्याच वळवाच्या पावसात कॉम्प्रेसर जाईल.